सिडको ते वाळूज, रोज ३२ किलोमीटर: पहिली रोड बाईक कोणती घ्यावी?

सिडको_एन६

नमस्कार मंडळी. संभाजीनगरात सिडको एन-६ मधून वाळूज एमआयडीसीत कामाला जातो. एका बाजूने साधारण १६ किलोमीटर. जालना रोडने क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, नगर नाका, छावणी, मग वाळूजजवळचं पंढरपूर गाव आणि एमआयडीसी. एक आठवडा पाळी सकाळी ७ ते ३.३०, पुढच्या आठवड्यात ३.३० ते १२. म्हणजे पहिल्या पाळीला परतताना ऊन आणि दुसऱ्या पाळीला परतताना अंधार, हे ठरलेलं.

उंची १६८ सेंमी, वजन ७४ किलो. सोबत डबा, पाणी, एक जोड कपडे. बजेट सगळं मिळून ५० हजार.

तीन सायकली बघून ठेवल्यात. पहिली: वाकडं हँडल, ॲल्युमिनियम फ्रेम, २५ मिमीचे टायर, कॅलिपर ब्रेक (रिमला रबर दाबणारे), क्लॅरिस गिअर २×८ (पुढे २ चक्रं, मागे ८). तिन्हींत हलकी. दुसरी: हँडल तसंच वाकडं, ३२ चे टायर, केबलचे डिस्क ब्रेक, गिअर २×८, पहिलीपेक्षा दीड किलो जड. तिसरी: सरळ हँडलची हायब्रिड, ३८ चे टायर, पुढे सस्पेन्शन. दुकानदार पहिलीवर जोर देतोय, वजन कमी म्हणून. कोणती घ्यावी आणि घेताना काय तपासावं, सविस्तर सांगा.

आरे_आणि_रिम

दुसरी घ्या. कारणं लिहितो, म्हणजे दुकानात ऐन वेळी चौथी सायकल पुढे केली तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

कामाच्या सायकलीत सगळ्यात आधी बघायचं ते फ्रेम आणि फोर्कमध्ये टायरला जागा किती आहे. गिअर, सीट, हँडल, ब्रेकची रबरं, सगळं पुढेमागे बदलता येतं. फ्रेममधली जागा वाढवता येत नाही. कॅलिपर ब्रेकच्या रोड बाईकमध्ये बहुधा २५ चा, फार तर २८ चा टायर मावतो आणि त्यावर मडगार्ड बसवायला जागा उरत नाही. दुकानात ५ मिमीची ॲलन की (षटकोनी किल्ली) मागून घ्या. टायर आणि फ्रेमच्या मधून निदान ती तरी चारी ठिकाणी मोकळी फिरली पाहिजे (मडगार्ड लावायचं तर जागा याहून जास्त हवी): फोर्कच्या वरच्या जोडाखाली, दोन्ही बाजूंना, मागे सीटखालच्या जोडाशी, आणि पायडलच्या मागे जिथे दोन नळ्या चाकाला सर्वांत जवळ येतात तिथे. शेवटचं ठिकाण बघायचं हमखास राहतं आणि चिखल तिथेच अडकतो.

आता टायरच्या रुंदीबद्दल. तुम्ही ७४, सायकल ११, सामान ४, म्हणजे ८९ किलो. एवढ्या वजनाला २५ च्या टायरमध्ये मागे ९५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी लागते, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेमटते. इतक्या कडक टायरवर रस्त्याचं प्रत्येक ठिगळ मनगटात जाणवतं. ३२ च्या टायरला मागे ६५, पुढे ५५ ते ५८ पुरते. टायर दबून धक्का घेतो, आऱ्यांवर ताण कमी येतो, पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवर आणि नाल्याच्या जाळीवर चाक घसरत नाही. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच असतील तर २५ चं चाक सरळ आत जातं, तिथे ३२ सुद्धा आडवं काढावं.

वजनाचं म्हणाल तर ८९ किलोत दीड किलो म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. तुमच्या रस्त्यावर चढ म्हणजे उड्डाणपूल. तिथे हा फरक पायाला कळणारही नाही. दौलताबादचा घाट रोज चढायचा असता तर वेगळं बोललो असतो.

दुसरी गोष्ट भोकांची. मागच्या चाकाच्या ॲक्सलजवळ दोन्ही बाजूंना आणि वर सीटच्या नळ्यांवर दोन्ही बाजूंना आट्याची भोकं हवीत, कॅरिअरसाठी. मडगार्डसाठी फोर्कच्या टोकाशीही हवीत. ॲक्सलजवळ दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं असली तर उत्तम, म्हणजे कॅरिअर आणि मडगार्ड एकाच बोल्टवर लटकत नाहीत. भोकं नसली की लोक सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर घेतात. ते खड्ड्यांनी हळूहळू फिरतं आणि डबा चाकाशी जातो. पाठीवर बॅग घ्यायचा विचार असेल तर मार्च ते जून आपल्याकडे तो सोडून द्या, पाठीला वाराच लागत नाही.

तिसरी सायकल वाईट नाही, पण त्या किमतीतलं सस्पेन्शन डांबरी रस्त्यावर उपयोगाचं नसतं. दोन-सव्वादोन किलो लोखंड पुढे वागवायचं आणि एक-दोन पावसाळ्यांत आतले दांडे गंजून अडकायचे. शिवाय वारा आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारं पश्चिमेकडचं आणि वाळूज शहराच्या पश्चिमेला. म्हणजे जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी. १६ किलोमीटर तोंडावरचा वारा कापताना वाकड्या हँडलवर खाली हात घेऊन वाकता येतं, हा मोठा आधार आहे. रोड बाईक घेण्याचं तुमच्यासाठी खरं कारण हेच, वेग त्यानंतर.

गोलवाडी_फाटा

टायरच्या बाबतीत सहमत. डिस्क ब्रेकबद्दल थोडं सांभाळून.

कंपनीतला सायकल स्टँड कसा आहे ते आधी बघा. पुढचं चाक लोखंडी खाचेत घालायचा जुना प्रकार असेल तर शेजारची सायकल आडवी झाली की तुमची डिस्क वाकते. पॅड आणि डिस्कमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी असतं, त्यामुळे किंचित बाक आला तरी चाक फिरताना घासतं. असा स्टँड असेल तर सायकल खाचेत घालू नका, साइड स्टँडवर किंवा भिंतीला लावून मागचं चाक आणि फ्रेम यू-लॉकने बांधा.

केबलच्या डिस्कला लागणारी निगा: पॅड झिजले की लीव्हर हँडलपर्यंत यायला लागतो. तेव्हा नुसती केबल ताणू नका. बहुतेक कॅलिपरमध्ये आतला पॅड जागचा हलत नाही, त्याला चाकाच्या बाजूने वेगळा स्क्रू असतो. आधी तो फिरवून पॅड डिस्कजवळ आणा, मग केबलचं बघा. नुसती केबल ताणत गेलं तर बाहेरचा पॅड डिस्कला वाकवून आतल्या पॅडवर टेकवतो आणि ब्रेकला जोरच येत नाही. नव्या सायकलीचा ब्रेक पहिल्या दिवशी मऊ वाटेल. मोकळ्या रस्त्यावर २५ च्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीस-पंचवीस वेळा दाबा, चाक लॉक होऊ देऊ नका. पॅड बसला की पकड येते. आणि डिस्कजवळ तेलाचा, पॉलिशचा कुठलाच फवारा नको. पॅडने एकदा तेल प्यालं की तो पुन्हा उपयोगाचा राहत नाही.

कॅलिपर ब्रेकची बाजूही सांगतो, कारण तो गावातला कोणताही मेकॅनिक दहा मिनिटांत नीट करतो. पण पावसात रबरात रेतीचे कण रुततात आणि दर ब्रेकला रिम खरवडली जाते. रिमवर झिजेची खूण म्हणून बारीक खाच असते. ती दिसेनाशी झाली की रिम संपली. वर्षभर, पावसाळ्यासकट, रोज ३२ किलोमीटरला डिस्कच बरी, फक्त स्टँडचं बघा.

उसाचा_रस्ता_लातूर

सायकल घ्यायलाव ते चांगलंच, पण मराठवाड्यात सायकल बंद पडते ती काट्यानं. पंक्चरची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

आधी व्हॉल, म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरायची नळी. रोड बाईकला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल असतो, रिमचं भोक साधारण ६ मिमी. पेट्रोल पंपावरचं मशीन मोटारसायकलच्या जाड व्हॉलचं, त्याला ८ मिमीचं भोक लागतं. पितळी ॲडॅप्टर मिळतो, तो एक व्हॉलवर आणि एक पिशवीत ठेवा. ॲडॅप्टर लावण्याआधी प्रेस्टाच्या टोकाची बारीक चकती सैल करायची, नाहीतर हवा जात नाही आणि माणूस पंपाला दोष देतो. पंपावर हवा जपून भरा, सायकलच्या ट्यूबला हवा फार थोडी लागते आणि दाब क्षणात वर जातो. घरी मीटरवाला उभा पंप घ्याच. बारीक टायरची हवा आठवड्याला बरीच उतरते. अंगठ्यानं दाबून ६५ आणि ४५ मधला फरक कळत नाही.

ट्यूब मागताना "अठ्ठावीसची द्या" म्हणू नका. आपली जुनी काळी मोठी सायकल २८×१½ ची, तिच्या रिमचा व्यास ६३५ मिमी. रोड बाईकचं ७०० सी चाक ६२२ मिमीचं. तो टायर याच्यावर बसत नाही. ट्यूब टायरमध्ये कशीबशी मावेल, पण तिचा जाड व्हॉल प्रेस्टाच्या भोकातून जात नाही. टायरच्या बाजूवर "३२-६२२" असा आकडा असतो, तोच दुकानात सांगा. तालुक्याच्या गावी ही ट्यूब मिळेलच असं नाही, दोन सोबत ठेवा.

पंक्चर झालं की आधी ट्यूबमध्ये हवा भरून भोक कुठं ते बघा, कारण तिथंच कळतं. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा किंवा तार. दोन भोकं शेजारी शेजारी, साप चावल्यासारखी, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यानं ट्यूब रिमवर चेमटली. भोक आतल्या बाजूला, आऱ्यांकडं, म्हणजे रिमची पट्टी सरकली आहे, ती नीट केल्याशिवाय दहा ट्यूबा घातल्या तरी फुटणार. व्हॉलच्या मुळाशी फाटलं असेल तर पंप ओढूनताणून लावला किंवा कमी हवेवर टायर रिमवरून सरकला.

टायर सोडवताना व्हॉलच्या समोरच्या बाजूनं सुरुवात करा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून एक फडकं सावकाश फिरवा, काटा असला तर धागा अडकतो. वेड्या बाभळीचं टोक टायरमध्येच मोडून बसतं, बाहेरून दिसत नाही. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा तर त्याहून वाईट. वाळूजच्या रस्त्यावर ट्रक कमी नाहीत, म्हणून बारीक चिमटा पिशवीत हवाच.

पॅच लावताना पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशनचा पातळ थर पॅचपेक्षा मोठा लावा आणि चमक जाईपर्यंत पाच मिनिटं थांबा. ओल्या सोल्युशनवर पॅच चिकटवला तर तो उन्हात सरकतो. उघडलेली सोल्युशनची नळी उन्हाळ्यात वाळून जाते, छोटी घ्या आणि दर दोन महिन्यांनी दाबून बघा.

उन्हाचं आणखी एक. सकाळी २५ अंशाला भरलेली ६५ पीएसआय हवा, टायर उन्हात ६० अंशाला गेला की जवळजवळ ७४ होते. म्हणून टायरवर छापलेल्या कमाल आकड्याला टेकवून हवा भरू नका.

सिडको_एन६

सगळ्यांचे आभार. स्टँड खाचेचाच आहे, भिंतीला लावायची सोय बघतो. दुसरी सायकल दुकानात ५२ आणि ५४ अशा दोन मापांत आहे. दुकानदार ५४ म्हणतोय. पुस्तक मांडीत धरून मोजलं, पायाची आतली लांबी ७७ सेंमी भरली.

आरे_आणि_रिम

मग ५२ च. आतली लांबी गुणिले ०.६७ असा अंदाज धरतात: ७७ ला ५१.६. पण कंपन्या माप वेगवेगळं धरतात, म्हणून आकड्यावर थांबू नका. सायकलीवर बसायच्या आधी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून आडव्या दांड्यावर उभे राहा. दांडा आणि शरीरात दोन-तीन सेंमी मोकळे हवेत.

मग सीटची उंची. क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) ॲक्सलच्या मध्यापासून, म्हणजे जिथे क्रँक फ्रेममध्ये शिरतो तिथून, सीटच्या माथ्यापर्यंत आतली लांबी गुणिले ०.८८३. तुम्हाला ६८ सेंमी. सीट तिथे लावूनच चाचणीला जा. दुकानात सीट खाली ठेवलेली असते, त्यामुळे मोठी सायकलही बरोबर वाटते. हात ब्रेकच्या हूडवर (लीव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर) ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेला हवा. कोपर ताठ आणि मान आखडलेली असेल तर सायकल लांब पडतेय. एक सेंमीचा फरक स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून निघतो, तीन सेंमीचा निघत नाही.

गिअरमध्ये पुढे ५०/३४ दात्यांची चक्रं आणि मागे ११-३२ असेल तर सगळं निभेल. एक अडचण माहीत असू द्या. मिनिटाला ८० फेऱ्यांनी ३४/१५ वर ताशी साधारण साडेतेवीस किलोमीटर होतात, ५०/२१ वर साडेचोवीस. म्हणजे तुमच्या रोजच्या वेगालाच पुढची मोठी की छोटी ही ओढाताण होते. मोठीवर चालवा आणि सिग्नलला थांबायच्या आधी छोटीवर या. पुढे ४६/३० ची जोडी मिळत असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

मागचं चक्र फ्रीव्हीलचं आहे की कॅसेटचं, हे नक्की विचारा. सात गिअरचं आट्यावर बसणारं फ्रीव्हील असेल तर ॲक्सलला बेअरिंगचा आधार आत दूर असतो, आणि कॅरिअरवर वजन टाकून खड्ड्यांतून नेलं की ॲक्सल वाकतो किंवा तुटतो. आठ-नऊ गिअरच्या कॅसेटला उजव्या टोकाजवळ आधार असतो.

परभणी_शिक्षिका

मध्येच विचारते, माफ करा. माझी उंची १५४ सेंमी, शाळा घरापासून ५ किलोमीटर, रोज पंजाबी ड्रेस. अशीच सायकल मला चालेल का?

गोलवाडी_फाटा

ताई, तुमच्यासाठी वेगळी बघा. इतक्या लहान फ्रेममध्ये ७०० सीची चाकं घातली की हँडल वळवताना पायाचा अंगठा पुढच्या टायरला लागतो, मडगार्ड बसवल्यावर तर हमखास. वेगात कळत नाही, पण गर्दीत हळू वळताना तोल जातो. दुकानात तपासायचं असेल तर सीटवर बसा, क्रँक आडवा ठेवा, पाय नेहमीसारखा पायडलवर, आणि हँडल पूर्ण वळवा. लागला तर ती सायकल नको.

५ किलोमीटरला सरळ हँडल, २६ इंची किंवा ६५० बी (७०० सीपेक्षा लहान) चाक, खाली झुकलेली फ्रेम आणि चेनवर पूर्ण कव्हर, एवढं पुरेसं आहे. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घ्या. ओढणी आऱ्यांत गेली की क्षणात चाकाभोवती गुंडाळली जाते. ओढणी समोर बांधून, टोकं खोचूनच बसा. गिअर मागे सात असले तरी परभणीच्या सपाट रस्त्याला भरपूर.

परभणी_शिक्षिका

अंगठ्याचं अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार.

उसाचा_रस्ता_लातूर

एन६ भाऊ, दिव्याला पैसे कमी करू नका. ५० हजारांतले सात-आठ हजार दिवे, हेल्मेट, पंप, लॉक, कॅरिअर आणि मडगार्डला बाजूला काढूनच सायकल ठरवा. रात्री १२ नंतर तुमचा रस्ता ट्रकांचा. पुढे ४०० लुमेनचा दिवा, उजेडाचा मधला भाग आठ-दहा मीटरवर रस्त्यावर पडेल असा खाली झुकवून. सरळ ठेवला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुम्हाला खड्डा दिसत नाही. मागे दोन दिवे, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा, आणि त्यातला एक कॅरिअरवर, कारण सीटखालचा दिवा डब्याच्या पिशवीमागं झाकला जातो. पायडलला आणि घोट्याला चमकणारी पट्टी लावा. वरखाली हलणारी चमक दुरूनच सायकल म्हणून ओळखू येते.

नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या दिसल्या की मागं थोडं लांब राहा. रस्त्यावर पडून चिरडलेला ऊस निसरडा होतो. त्याच्यावर ब्रेक नको, हँडल सरळ ठेवून जायचं.

सिडको_एन६

शेवटचे दोन प्रश्न. मडगार्ड कोणतं घेऊ आणि चेनची निगा कशी ठेवू?

आरे_आणि_रिम

३२ च्या टायरला ४२ ते ४५ मिमी रुंदीचं. टायर आणि मडगार्डमध्ये सगळीकडे १० मिमी अंतर ठेवा. डांबरावर यापेक्षा कमी चालतं, पण वाहन टाळायला कडेच्या काळ्या मातीत उतरलात तर ती टायरला थर धरते आणि जवळ बसवलेल्या मडगार्डमध्ये ठासून चाक जाम करते. पावसात साइडपट्टीवर उतरायची वेळ आलीच तर थांबून, पायउतार होऊन सायकल उचला. ढकललीत तर दहा पावलांत चाक फिरायचं थांबेल. माती ओली असतानाच काडीने काढा, वाळल्यावर ती विटेसारखी होते.

चेनला इंजिन ऑइल नको. ते चिकट राहतं, धूळ धरतं आणि त्याचं पॉलिश पेस्टसारखं मिश्रण होऊन दाते झिजतात. गंज सोडवायचा फवारा म्हणजेही वंगण नव्हे. सायकलचं चेन ऑइल घ्या. आधी चेन फडक्यात धरून पायडल उलटं फिरवत पुसा, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा-पंधरा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर नको. कोरड्या दिवसांत दर १५० ते २०० किलोमीटरला, म्हणजे तुमच्या हिशोबाने आठवड्यातून एकदा. पावसात भिजली तर त्याच रात्री.

महिन्यातून एकदा पट्टीने मोजा. नव्या चेनच्या २४ पिना बरोबर १२ इंचांत बसतात. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. बाराच्या खुणेपासून पिन इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदला. आठवा भाग गेली असेल तर कॅसेटचे दातेही घासलेले असणार, नवी चेन त्यावर घसरेल आणि दोन्ही बदलावं लागेल.

पहिल्या दीडशे किलोमीटरमध्ये गिअरची नवी केबल बसते आणि चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुर करते. तेव्हा मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जिथे केबल शिरते तिथली गोल मूठ, मागून बघत, घड्याळाच्या उलट अर्धा फेरा फिरवा आणि गिअर टाकून बघा, मग पुन्हा अर्धा. डिरेलरवरच्या दोन छोट्या स्क्रूंना हात लावू नका. ते चेन कुठपर्यंत जाऊ शकते त्याची हद्द ठरवतात. आतली हद्द चुकली की चेन आऱ्यांत जाते आणि चाक, डिरेलर दोन्ही एकदम मोडतात. सायकल ताब्यात घेताना दुकानदारासमोर मागचं चाक उचलून सर्वांत मोठ्या चक्रावर गिअर टाका आणि डिरेलर आतल्या बाजूला जोराने ढकला. चेन चक्राबाहेर आऱ्यांकडे पडायला बघत असेल तर तिथेच नीट करून घ्या.